८५ नंबरची जर्सी घेताय? मग शिवलेलाच नंबर घ्या

कॅनडातल्या विनिपेगला पोलो पार्क मॉलजवळ मिल्ट स्टेगॉल ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे, किराणा आणायला जाता-येता पाटी दिसायची पण माणूस कोण ते माहीत नव्हतं, मग ऑफिसातल्या एका सीनियरने सांगितलं की हा ब्लू बॉम्बर्सचा, म्हणजे इथल्या कॅनेडियन फुटबॉल टीमचा, ८५ नंबर, आणि त्या रात्री जे व्हिडिओ बघत बसले ते दोन वाजेपर्यंत. जर्सी तर घ्यायलाच लागणार होती.

पहिली ऑनलाइन घेतली, दुकानाचं नाव नको. निळा-सोनेरी रंग छान, कापड बरं, पण नंबर गरम प्रेसने चिकटवलेला. तिसऱ्या धुण्यात ८ च्या वरच्या गोलाची कड सुटली, नख लावलं की पापुद्रा निघायचा. मेल केला तर म्हणे थंड पाण्यात धुवायची होती, अहो थंड पाण्यातच धुतली, तीही उलटी करून! पैसे परत नाहीत ते नाहीतच. राग पैशांचा नाही, त्या नंबरचा जास्त आला.

कारण हा माणूस बघा ना. मूळ सिनसिनाटीचा, घरच्याच बेंगल्समध्ये (अमेरिकेतल्या NFL ची टीम) ३ सीझन काढले पण तिथे फार काही जमलं नाही, १९९५ ला विनिपेगला आला आणि २००८ पर्यंत इथेच खेळला, वयाच्या ३८ व्या वर्षापर्यंत, दुसऱ्या टीमकडे गेलाच नाही. १४७ टचडाउन (बॉल घेऊन समोरच्या टोकाची रेषा ओलांडली की टचडाउन, ६ पॉइंट), कॅनडाच्या लीगमध्ये, CFL मध्ये, आजही कोणाचे एवढे नाहीत. २००२ च्या एका सीझनमध्ये २३ कॅच टचडाउनचे. कॅच घेऊन काढलेल्या १५,१५३ यार्डांचा रेकॉर्ड पुढे २०१२ ला जेरॉय सायमन नावाच्या दुसऱ्या रिसीव्हरने मोडला, ते चालायचंच. मला १९९७ चा आकडा जास्त आवडतो, ६१ कॅच आणि १,६१६ यार्ड, म्हणजे एका कॅचला साडेसव्वीस यार्ड! कॅनडातल्या फुटबॉलमध्ये रिसीव्हरला, म्हणजे पास पकडणाऱ्याला, बॉल स्नॅप व्हायच्या (खेळ सुरू करायला मागे दिला जायच्या) आधीच पुढे पळत येता येतं, आपल्या फास्ट बोलरच्या रनअपसारखं, आणि स्टेगॉल त्या पळत येण्यातच समोरच्याला मागे टाकायचा.

आणि २० जुलै २००६, एडमंटन. विनिपेग १९-२२ मागे, शेवटचे काही सेकंद, बॉल स्वतःच्या १० यार्ड लाइनवर, मैदान इथे ११० यार्डांचं म्हणजे पुढे अख्खे १०० यार्ड. पास फेकणाऱ्या केविन ग्लेनने लांब फेकला, स्टेगॉलने पळता पळता घेतला आणि थेट शेवटापर्यंत गेला, वेळ संपलेली, २५-२२. अजूनही बघताना अंगावर काटा येतो. एवढं करून ग्रे कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, मात्र कधीच नाही, २००१ आणि २००७ दोन्ही फायनल हरले. बॉम्बर्सने कप आणला तो थेट २०१९ ला, तोवर ह्याचा शेवटचा सीझन होऊन ११ वर्षं झालेली. ह्याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

तर दुसरी जर्सी. एका जुन्या फॅनकडून वापरलेली घेतली, नव्यापेक्षा स्वस्तात. नंबर दोन थरांच्या जाड कापडाचा, खाली सोनेरी वर पांढरा, कडेने बारीक झिगझॅग शिलाई, आतून हात फिरवला तर टाके बोटाला लागतात. काखेत जाळी थोडी विरलीय, एका बाहीवर मोहरीचा फिकट डाग आहे जो जात नाही, पण ८५ चा एक टाका हललेला नाही. दोन सीझन घालतेय, मशीनलाच धुते.

विकत घेताना फोटो आतल्या बाजूचा मागवा, टाके दिसले तरच पैसे द्या. साइज एक नंबर मोठी घ्या, ऑक्टोबरच्या मॅचला आतून जाड हुडी लागतेच, नोव्हेंबरला तर दोन. शिवलेलीला माझ्याकडून पाचपैकी पाच, चिकटवलेलीला एक, तोही रंगासाठी.