नान खलिया झकास, पण 'बडा की छोटा' आधी विचारा

शहागंजाजवळची खानावळ. पाटीवर औरंगाबाद, बिलावर छत्रपती संभाजीनगर. २०२३ पासून ही जोडी गावभर दिसते.

खलिया म्हणजे मांसाचं कालवण: वर बोटभर लाल तर्री, खाली पातळ रस्सा. तर्री नको असेल तर वाढतानाच सांगा. नानवर हळद-गुळाचं पाणी फासलेलं, म्हणून पिवळा अन् किंचित गोड. गरम आहे तोवर तोडा, गार झाला की चामडं होतं. तुघलकानं १३२७ मध्ये दौलताबादला राजधानी आणली, तेव्हाचं हे लष्करी जेवण असं सांगतात.

घोळ मांसावरून होतो. 'बडा' म्हणजे म्हशी-रेड्याचं, 'छोटा' म्हणजे बकऱ्याचं. राज्यात गायीबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे, म्हशीवर नाही. पाटीवर मात्र नुसतं 'खलिया', आणि ताटात दोन्ही रस्से सारखेच दिसतात. हिंदू गिऱ्हाईक विचारायला संकोचतं, वाढप्याला त्या प्रश्नात संशय दिसतो. दोघंही गप्प, मग बिलाच्या वेळी आवाज चढतो.

त्यात डेगी दोन, पळी एकच! हे चालणार नाही. छोटा हवा असेल तर पळी धुवायला लावा. कुरकुरत का होईना, धुतात.