तिसऱ्या रेल्वे गेटाकडचं टायरचं दुकान: मागचा बदलायला गेलो, निघाला पुढचा

उद्यमबागेत लेथवर काम करतो, त्यामुळं मापाशिवाय बोलणाऱ्या माणसावर माझा विश्वास लवकर बसत नाही. बेळगावात खानापूर रोडनं तिसरं रेल्वे गेट ओलांडून उद्यमबागेकडं येताना एक लहानसं टायरचं दुकान लागतं. पाटीवरची अक्षरं धुळीनं गेलीत, सगळे अण्णाचं दुकान म्हणतात. या अण्णाकडं टायरवरच्या नक्षीची खोली मोजायचं गेज आहे आणि तो ते खरंच वापरतो. अर्धे मार्क तिथंच दिले.

गाडी माझी पल्सर १५०, २०१७ ची. मागच्या टायरची मधली नक्षी संपत आलेली, कडेला भरपूर शिल्लक. पुढचा बघितला तर कुणीही म्हणेल अजून दोन पावसाळे काढेल. मी मागच्याचा भाव विचारला. अण्णानं भाव सांगायच्या आधी गाडी स्टँडला लावली, दोन्ही चाकं हातानं फिरवून बघितली आणि म्हणाला, "मागचा गेलाय, बरोबर हाय. पण पुढचा त्याच्या आधी गेलाय की ओ."

आता हा दोन टायर खपवणार, असंच मनात आलं. त्यानं वाद घातला नाही, टायरच्या बाजूला ‘डॉट’ लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचायला लावले. १४१७. म्हणजे २०१७ सालचा चौदावा आठवडा, गाडीबरोबर कंपनीतून आलेलाच टायर. मग अंगठ्यानं रबर दाबून ताणलं, तशा खाचांच्या तळाशी चिरा उघडल्या. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, वरवरच्या, केसाएवढ्या रेघा असल्या तर तो लक्ष ठेवा म्हणतो आणि सोडून देतो. पण खाचेच्या तळाला चीर, रिमलगत गोल फिरलेली चीर, कुठं फुगवटा किंवा आतला धागा दिसायला लागला, तर नक्षी कितीही असू दे, टायर बाद.

हवेतला ओझोन ताणावरच्या रबराला चिरत जातो. म्हणून कंपन्या रबरात मेणासारखं द्रव्य घालतात. चाक चालताना टायर दबतो, लवतो, तसं ते वर येऊन पातळ थर धरतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की हे वर येणं मंदावतं, त्यात ऊन लागलं तर बघायलाच नको. आमच्या येळ्ळुरात अशा गाड्या पुष्कळ. पोरगं पुण्याला, गाडी गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली. नक्षी नव्यासारखी, रबर वाळून कडक. गणपतीला पोरगं येतंय, किक मारतंय आणि मित्राला मागं बसवून थेट गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटात. कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको. माझी सासुरवाडी घाटापलीकडं वाळपईला, म्हणून पुढच्या टायरचं मी निमूट ऐकलं.

मागचा मधेच का झिजला, तेही त्यानं हवा मोजून दाखवलं. चेन कव्हरवरच्या स्टिकरवर हवेचा दाब पीएसआयमध्ये पुढं २५, मागं एकट्याला २८, डबल सीट ३२ लिहिलंय. माझ्या मागच्या चाकात ४० निघाली, पंपावरच्या पोरानं "घट्ट बरी" म्हणून भरलेली. जास्त हवेनं टायर मधेच टेकतो आणि मधेच झिजतो. कमी हवेनं दोन्ही कडा जातात, शिवाय साइडवॉल सारखी दुमडून तापते. बदलायची खूण टायरवरच असते. बाजूला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं, त्याच्या सरळ रेषेत खाचेत एक उंचवटा. नक्षी त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली की संपला. कडेला किती उरलीय याला अर्थ नाही, सगळ्यात झिजलेल्या जागी काय आहे ते धरायचं.

दोन्ही टायर, व्हॉल्व्ह आणि बसवणूक मिळून ४,१०० रुपये झाले. बसवण्याआधी दोन्हींचे आकडे त्यानं मला वाचायला लावले, घेतले त्याच वर्षी बनलेले होते. हे मुद्दाम लिहितोय, कारण शहरातल्या एका झगझगीत दुकानात मला तीन वर्षं पडून राहिलेला टायर ताजा माल म्हणून पुढं केला होता, काळी पॉलिश मारून. फिरण्याच्या दिशेचा बाण अण्णानं दोनदा तपासला. मशीनवर बसवतो, त्यामुळं अलॉयवर पान्याचे ओरखडे नाहीत. नायट्रोजन भरू का म्हणून मागं लागत नाही (साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो). नव्या रबराचा वरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत, म्हणजे पहिले दीडशे किलोमीटर, वळणावर गाडी झोपवू नका आणि ब्रेक कचकन दाबू नका, हे मात्र उरलेले सुटे पैसे परत देतानासुद्धा सांगत होता.

आता खटकलेलं. मोटरसायकलच्या चाकाचं बॅलन्सिंग तिथं होत नाही. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि वॉरंटीसाठी ते लागतं, तेव्हा मागून घ्याच. जुने टायर रस्त्यापर्यंत रचलेत, त्यात पावसाचं पाणी साचून डासांची पैदास चाललीय, त्यावर काहीतरी झाकायला पाहिजे. बसायला एक मोडका स्टूल. जाणार असाल तर सकाळी जावा. संध्याकाळी कारखाने सुटले की पंक्चरवाल्यांचीच रांग लागते, मग अण्णाला गेज काढायला सवड नसते.