गेटवरची वही कोणाकडे? व्हॉट्सअ‍ॅप, सिग्नल आणि टेलिग्राम समोरासमोर

आमच्या सोसायटीच्या गेटवर एक लांबट वही असते. पाहुणा आला की नाव, फ्लॅट नंबर, गाडीचा नंबर, आत आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. घरात बसून कोण काय बोललं याचा त्यात एक शब्द नसतो. तरी वर्षभराची वही माझ्या हातात दिलीत तर कोणाकडे शिकवणीचे सर येतात, कोणाच्या घरी रात्री अकराला डॉक्टर धावत आले, कोणाकडे दिवाळीनंतर सासरची मंडळी यायची थांबली, हे मी बसल्या जागी सांगेन.

ही वही डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे. सोसायटीचा ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवरच ठेवायचा, सिग्नलवर न्यायचा की टेलिग्रामवर, हा विषय समितीत परत निघाला आणि 'सेक्रेटरीच बघतील' म्हणून माझ्या गळ्यात पडला. घरच्या ग्रुपसाठी, क्लाससाठी किंवा दवाखान्यासाठी तुम्हीही याच प्रश्नाशी अडला असाल, तर मी जे शोधून मांडलं ते इथे देतोय.

आधीच सांगतो, आजचं गोपनीयता धोरण वाचून मी ठरवलेलं नाही. धोरणं बदलतात. मी एवढंच पाहिलं की उद्या नियम फिरवले, तर त्या दिवशी यांच्याकडे आपलं काय काय पडलेलं असेल.

व्हॉट्सअ‍ॅप: वचनं आणि तारखा

जानेवारी २०२१ आठवतोय? फोन उघडला की खालून एक चौकोन वर यायचा: नव्या अटी मान्य करा, ८ फेब्रुवारीपर्यंत. मिरजेहून आत्याचा फोन आला, "अरे, हे हिरवं बटण दाबू का नको? आपले लग्नाचे फोटो फेसबुकवर येणार म्हणतायत." त्याच आठवड्यात दोन निळ्या खुणा आणि एक लाल खूण दिसली की सरकार कारवाई करतंय, हा जुना बोगस फॉरवर्डही पुन्हा फिरून आला. खरं आणि खोटं एकाच पंगतीला बसलं होतं.

यातलं खरं किती? घरच्यांशी, मित्रांशी होणारं बोलणं २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे मधल्या कंपनीला ते वाचता येत नाही. २०२१च्या बदलाने त्याला हात लावला नव्हता. बदल होता तो दुकानं, बँका, कंपन्या यांच्या खात्यांशी होणाऱ्या संवादाबद्दल, आणि कोणती माहिती फेसबुककडे जाईल याबद्दल. तेव्हा आत्याचे फोटो सुरक्षित होते. वही मात्र होती: फोन नंबर, कोणता हँडसेट, आयपी पत्ता (म्हणजे फोनचा इंटरनेटवरचा पत्ता), कधी ऑनलाइन, कोणत्या ग्रुपात.

एवढ्यावर लोक बिथरले का? माझ्या मते त्यांना राग आला तो मागच्या अनुभवामुळे. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप सुमारे १९ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा काहीही बदलणार नाही असं सांगितलं गेलं. ऑगस्ट २०१६ मध्ये फोन नंबर फेसबुकशी जोडायचा निर्णय आला. त्या वेळी निदान ३० दिवसांत 'नको' म्हणायची सोय होती. दोन विद्यार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने सांगितलं की २५ सप्टेंबर २०१६ पूर्वी ज्यांनी खातं काढलं, त्यांची माहिती पुसून टाका. मे २०१७ मध्ये युरोपीय आयोगाने फेसबुकला ११ कोटी युरो दंड लावला. कारण असं की दोन्हीकडची खाती जुळवता येणार नाहीत, अशी चुकीची माहिती खरेदीच्या वेळी आयोगाला दिली होती.

आणि २०२१ मध्ये ती 'नको'ची खिडकीही राहिली नाही. मान्य करा, नाहीतर चालते व्हा, असा सूर होता. इथे एक गोष्ट मला आजही खुपते. युरोपातल्या लोकांसाठी धोरण वेगळं होतं, कारण तिथे कडक कायदा होता. आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण त्याला दात देणारा डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला, आणि नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. मधल्या काळात आपण उघड्यावरच होतो.

लोक सिग्नलकडे पळायला लागल्यावर व्हॉट्सअ‍ॅपने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, मुदत १५ मेपर्यंत पुढे नेली, आणि शेवटी मान्य केलं नाही तरी खातं बंद करणार नाही, असं सांगितलं. ग्राहकाने पाय आपटले की कंपनी मागे सरते, हे त्या चार महिन्यांत दिसलं. पुढे स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला (फेसबुक कंपनीचं नवं नाव) २१३.१४ कोटी रुपये दंड केला. व्हॉट्सअ‍ॅपने जाहिरातींसाठी माहिती पाच वर्षं मेटाच्या इतर कंपन्यांना देऊ नये, अशी बंदीही घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पाच वर्षांची बंदी काढून टाकली.

व्हॉट्सअ‍ॅपचे संस्थापक जान कूम आणि ब्रायन अ‍ॅक्टन यांचा जाहिरातींना विरोध होता. वर्षाला एक डॉलर घेऊ पण जाहिरात नको, असा तो काळ होता. अ‍ॅक्टन २०१७ मध्ये बाहेर पडले, कूम २०१८ मध्ये. जून २०२५ मध्ये 'अपडेट्स' टॅबमध्ये जाहिराती येणार असं जाहीर झालं. कंपनी म्हणते, त्यासाठी तुमचं शहर, भाषा, तुम्ही फॉलो करता ते चॅनेल वापरू. मेसेज, कॉल आणि ग्रुप नाही. आज मी यावर विश्वास ठेवतो. दहा वर्षांनी ठेवेन का, हे विचारू नका.

एक भोक मात्र आपण स्वतः उघडं ठेवतो. गूगल ड्राइव्हवर जाणारा बॅकअप आपणहून एन्क्रिप्ट होत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून सोय आहे, पण ती चालू करावी लागते: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन. पासवर्ड विसरलात तर बॅकअप गेला. तो कंपनीकडूनही मिळत नाही. कागदावर लिहून कपाटात ठेवा.

सिग्नल: वहीच नसलेला पहारेकरी

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये बोलणं कुलूपबंद करणारी पद्धत मुळात सिग्नलचीच. फरक कुलपात नाही, वहीत आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत न्यायालयामार्फत सिग्नलकडे एका खात्याची माहिती मागितली गेली. त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी होत्या: खातं कधी उघडलं, आणि शेवटचं कधी सर्व्हरशी जोडलं गेलं. कोणाशी बोलला, कोणत्या ग्रुपात आहे, काहीच नाही. हा पहारेकरी 'भाडेकरू अमुक तारखेला राहायला आला, दार शेवटचं काल उघडलं' एवढंच सांगू शकतो.

म्हणून नियम बदलायचा प्रश्न इथे सौम्य होतो. उद्या सिग्नलची मंडळी बदलली, मन बदललं, तरी मागची वही विकायला ती असावी लागते ना! मला सर्वांत जास्त पटलेला मुद्दा हाच.

मालक कोण? एक ना-नफा फाउंडेशन. २०१८ मध्ये ते उभं राहिलं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप सोडून आलेल्या त्याच अ‍ॅक्टन यांनी ५ कोटी डॉलर दिले. खर्च देणग्यांवर चालतो, आणि तो थोडाथोडका नाही. २०२३ मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं की २०२५ पर्यंत वर्षाला सुमारे ५ कोटी डॉलर लागतील. देणगीवर चाललेली संस्था उद्या दमली तर? हा धोका आहे, पण तो 'बंद पडेल' या जातीचा आहे, 'विकून टाकेल' या जातीचा नाही.

आता अडचणी. बॅकअप ही सिग्नलची जुनी दुखरी बाजू. फोन पाण्यात पडला आणि बॅकअप आधी लावलेला नसेल, तर बोलणं गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी सुरक्षित बॅकअपची सोय आणली. मजकूर आणि ४५ दिवसांचे फोटो-व्हिडिओ फुकट, जास्त हवं तर महिन्याला १.९९ डॉलर. नोंदणीला मोबाइल नंबर लागतोच, पण २०२४ पासून युजरनेम आलं आणि अनोळखी माणसांना तुमचा नंबर आपोआप दिसत नाही. ग्रुपमध्ये माणसं हजारापर्यंत.

खरी अडचण माणसांची. जानेवारी २०२१ मध्ये आम्हीही सोसायटीचा सिग्नल ग्रुप काढला होता. ८४ फ्लॅटपैकी ३८ आले. होळीपर्यंत त्यात फक्त एका आजोबांचं 'सुप्रभात' उरलं, आणि त्याला रोज एक अंगठा. पाण्याच्या टँकरची वेळ सांगायला पुन्हा जुन्याच ग्रुपवर जावं लागलं. दूधवाला, प्लंबर, इस्त्रीवाला, गॅसवाला सगळे तिकडे. भारतात व्हॉट्सअ‍ॅपचे ५३ कोटी वापरकर्ते असल्याचं सरकारनेच २०२१ मध्ये सांगितलं होतं. चांगलं अ‍ॅप असून भागत नाही, समोरचा माणूस तिथे हवा.

टेलिग्राम: चावी त्यांच्याकडे

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज टेलिग्रामबद्दल आहे. 'ते जास्त सुरक्षित' असं ज्यांनी मला सांगितलं, त्यातल्या एकानेही 'सीक्रेट चॅट' कधी उघडलं नव्हतं. टेलिग्रामचं नेहमीचं चॅट एंड-टू-एंड नसतं, त्यांच्या सर्व्हरवर असतं. सीक्रेट चॅट वेगळं सुरू करावं लागतं, ते दोघांतच होतं, ग्रुपमध्ये ती सोयच नाही. म्हणजे पहारेकऱ्याकडे वही तर आहेच, फ्लॅटची चावीही आहे, आणि 'मी आत जात नाही हो' हा त्याचा शब्द.

शब्द किती टिकतो? संस्थापक पावेल दुरोव यांना २४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसजवळच्या ल बुर्जे विमानतळावर अटक झाली. महिन्याभरात धोरण बदललं: कायदेशीर मागणी आली तर नियम मोडणाऱ्यांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते देऊ. आधी ही अट फक्त दहशतवादाच्या संशयितांपुरती होती. हा बदल चूक होता असं मी म्हणत नाही; गुन्हेगारांची चॅनेल तिथे खूप होती. पण मालकाला अटक झाली आणि महिन्यात धोरण हललं, हे ठरवणाऱ्याने लक्षात ठेवावं. आपल्याकडेही २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशावरून, क्लासच्या नोट्स परवानगीशिवाय पसरवणाऱ्या चॅनेलांच्या चालकांची माहिती टेलिग्रामला द्यावी लागली होती.

तरी टेलिग्राम टाकाऊ नाही. ग्रुपमध्ये २ लाख माणसं, मोठ्या फाइली, नव्या सभासदाला जुनं सगळं वाचता येणं, नंबर लपवता येणं. एमपीएससीच्या पोरांचे ग्रुप तिथे आहेत ते उगाच नाही. ज्यात लपवण्यासारखं काही नाही, त्यासाठी ते उत्तम फलक आहे.

अरट्टईबद्दल विचारणार, माहीत आहे. चेन्नईच्या झोहो कंपनीचं मेसेजिंग अ‍ॅप, नावाचा अर्थ तमिळमध्ये 'गप्पा'. सप्टेंबर २०२५ मध्ये लोकांनी धाव घेतली तेव्हा कॉल एंड-टू-एंड होते, मजकूर नव्हता. स्वदेशी असणं हा वेगळा मुद्दा, कुलूप हा वेगळा. मी कुलूप बघतो. आणि हाइकही स्वदेशीच होतं, ते जानेवारी २०२१ मध्ये, ऐन पळापळीत, बंद झालं.

मग कोणी काय घ्यावं

डॉक्टर, वकील, समुपदेशक, पत्रकार, किंवा घरात घटस्फोटाचं चाललंय असं कोणी असेल, तर सिग्नल, आणि निरोप आपोआप पुसले जाण्याची मुदत लावून. इथे 'कोण कोणाशी बोललं' हेच गुपित असतं. समोरच्या चार माणसांना तिथे आणणं जमतं, चारशेंना नाही.

क्लास, ट्रेकिंग ग्रुप, दिवाळी अंकाची जाहिरात: टेलिग्राम चॅनेल, बिनधास्त.

घरच्यांसाठी आहे तिथेच राहा, पण बॅकअपला कुलूप लावा, टू-स्टेप पिन घाला, आणि व्हॉट्सअ‍ॅप मेटाच्या अकाउंट्स सेंटरला (फेसबुक, इन्स्टाग्रामची खाती एकत्र जोडायची जागा) जोडू नका. आत्याला मी हेच करून दिलं. मेटा एआयच्या निळ्या गोलाला तिने एकदाच विचारलं होतं, संकष्टीला चंद्रोदय किती वाजता. त्याला विचारलेलं कंपनीकडे जातं, घरातल्या बोलण्यासारखं ते बंद नसतं, हेही सांगितलं. ती म्हणाली, "मग कालनिर्णय बरं."

सोसायटीचं आम्ही दोन तुकड्यांत सोडवलं. सूचना व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटीच्या घोषणा ग्रुपवर, कारण तिथे सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. सात जणांची समिती सिग्नलवर, कारण थकबाकीदारांची नावं आणि भांडणं तिथे निघतात. शिवाय ठराव केला की भाडेकरार, आधार आणि पासपोर्टच्या प्रती कुठल्याच ग्रुपवर टाकायच्या नाहीत, पोलिस पडताळणीसाठी सुद्धा नाही. कागद घेऊन ऑफिसात यायचं. सगळी सोसायटी पाहते त्या ग्रुपात आधार टाकून वर गोपनीयता धोरणावर रागवणारे सभासद आमच्याकडे आहेत. एक तर मीच होतो.

बैठक संपता संपता खजिनदार काकांनी विचारलं, गेटवरच्या जुन्या वह्यांचं आपण काय करतो? कोणालाच सांगता येईना. मीटर रूम उघडून पाहिली तर २०१४ पासूनच्या सगळ्या रचून ठेवलेल्या, वरच्या दोन उंदरांनी कुरतडलेल्या. एका वर्षाच्या वर ठेवायच्या नाहीत आणि रद्दीत घालण्याआधी फाडायच्या, हेही त्याच इतिवृत्तात लिहून घेतलं.