भाषेच्या तासाला जिगसॉ की थिंक-पेअर-शेअर?

सहकारी अध्ययन, म्हणजे मुलांनी एकमेकांच्या मदतीने शिकणे, वर्गात आणायचे ठरले की भाषाशिक्षकापुढे बहुधा जिगसॉ आणि थिंक-पेअर-शेअर हे दोन पर्याय उभे राहतात. नागपुरातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी नववीला मराठी शिकवतो. बहुतेक मुलांच्या घरी हिंदी बोलली जाते आणि मराठी ती आमच्या तासालाच काय ती बोलतात, त्यामुळे कोणत्या रचनेत मूल अधिक बोलते, एवढाच माझा निकष होता.

त्या निकषावर जिगसॉ सरस वाटावी अशीच आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिनच्या शाळांत वेगवेगळ्या वंशांची मुले प्रथमच एका वर्गात आली, तेव्हा सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाच्या हाती दिला, जेणेकरून प्रत्येकाला इतरांचे ऐकणे भाग पडावे. ही गरज भाषेच्या तासाला फार उपयोगी पडते. नागपूरकर भोसले आणि इंग्रज यांच्यातील सीताबर्डीच्या लढाईवरील मजकुराचे मी चार तुकडे केले होते: १८१६चा तैनाती फौजेचा करार, टेकडीची जागा, नोव्हेंबर १८१७ची प्रत्यक्ष लढाई आणि पुढे जोधपूरपर्यंत झालेली आप्पासाहेब भोसल्यांची परवड. एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी त्या दिवशी टेकडीचे वर्णन सलग चार मिनिटे करत होती, हे मान्य केले पाहिजे.

पण चाळीस मिनिटांच्या तासिकेत जिगसॉ मावत नाही. एका दिवशी तज्ज्ञ गट बसतात, म्हणजे एकच तुकडा मिळालेली मुले एकत्र येऊन तो समजून घेतात; मग तो इतरांना सांगायला आपापल्या मूळ गटांत परतायला दुसरा दिवस लागतो, आणि माझे घोडे अडले ते इथेच. मध्ये पोळा आला, पाठोपाठ तान्हा पोळा आणि मारबत. शाळा उघडली तेव्हा निम्मे बाक रिकामे होते आणि नेमकी लढाईचा तुकडा असलेली मुलेच बहुतेक गटांतून गैरहजर होती. परिणामी करारावर सही झाली आणि आप्पासाहेब थेट जोधपूरला पोहोचले! पुढे मी एकेक तुकडा दोघांना देऊन पाहिला, तर एक बोलू लागला आणि दुसरा मान डोलावू लागला. लग्नसराई, परगावचे कार्यक्रम, एप्रिलचे ऊन अशी कारणे वर्षभर येतच राहतात.

फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली थिंक-पेअर-शेअर, म्हणजे आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा आणि शेवटी वर्गापुढे मांडणी, त्यामानाने साधी, काहीशी मिळमिळीतही आहे. शेजाऱ्याचे ऐकण्याची खरी गरज तिच्यात निर्माण होत नाही. 'मेरा भी वही है' एवढ्यावर चर्चा आटोपलेली मी अनेकदा ऐकली आहे. मात्र वर्गापुढे स्वतःचे नव्हे, तर जोडीदाराचे उत्तर मांडायचे, असा नियम केल्यावर हा दोष बराच कमी झाला, आणि 'तू नेमके काय म्हणालास?' हा प्रश्न मराठीतून कानी येऊ लागला. बाक हलवावे लागत नाहीत, कोणी गैरहजर असेल तर तिघांची जोडी करता येते आणि सारे काही दहा मिनिटांत उरकते. कवितेसाठी तर हीच रचना बरी, कारण कवितेचे तुकडे केले की हाती फारसे काही उरत नाही.

आपल्याकडे पटसंख्या लहान, हजेरी भरवशाची आणि जोडतासिका मिळत असेल, तर जिगसॉ कदाचित अधिक फळेल. माझा अनुभव एकाच शाळेचा आहे. मी स्वतः आता वर्षातून दोनदाच जिगसॉ घेतो, तीही जोडतासिकेत आणि शक्यतो दिवाळीनंतर.