मराठी मॅग्नेटिक अक्षरांचा सेट: ळ नाही, आणि बाबा पण होत नाही

मुलगी आत्ताच चार पूर्ण झाली, ज्युनिअर केजीत जाते, शाळा इंग्लिश मीडियम. त्यामुळे घरी तरी मराठी अक्षरांशी ओळख व्हावी असं डोक्यात होतं आणि एकदा रात्री साडेअकराला फोन चाळताना 'मराठी मॅग्नेटिक वर्णमाला, वय 3+' असा सेट दिसला नि करून टाकला ऑर्डर. 649 रुपये. त्यात फोमची अक्षरं, सुट्ट्या मात्रा, चित्रांची कार्डं आणि एक छोटा पत्र्याचा बोर्ड. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, नंतर शोधलं तर सेम टू सेम माल चार-पाच नावांनी विकायला आहे.

आधी चांगलं सांगते. अक्षरं जाड आहेत, छोट्या हातात मस्त बसतात, रंग उडत नाही (एकदा आमटीत पडून झालंय). मी पोळ्या करत असताना ती फ्रीजच्या दारापाशी फतकल मारून काहीबाही जुळवत बसते, अर्धा तास शांतता, यातच अर्धे पैसे वसूल. आणि मुळात आयडिया शंभर नंबरी आहे. या वयात बोटांना पेन्सिल नीट पेलत नाही पण डोक्यात शब्द तयार असतो, मग अक्षर लिहिण्याऐवजी नुसतं उचलून लावायचं. मॉन्टेसरीबाईंनी 1907 साली रोममधे बालघर काढलं, तिथली मुलं पण अशीच सुट्टी अक्षरं मांडून शब्द करायची, वाचायला यायच्या आधी.

आता रडगाणं.

पहिल्याच दिवशी तिने फर्मान काढलं, 'बाबा कर'. ब एकच. म्हटलं मामा करू, म एकच. काका, दादा, नाना, काही म्हणजे काही होत नाही कारण प्रत्येक अक्षराचा एकच पीस! मराठी पोराचे पहिले शब्द कुठले असतात याचा विचार करणारा एक माणूस त्या कारखान्यात असता तरी चाललं असतं. आई होते, आजी होते, त्यामुळे आमच्या फ्रीजवर आठवडाभर बायकांचंच राज्य होतं आणि नवरा येता जाता सुस्कारे सोडत होता.

मग कळलं ळ नाहीये. सगळं उलटंपालटं करून बघितलं, सोफ्याखाली पण बघितलं, नाहीच. केळं करायला गेलो तर 'केलं' झालं, बाळाचं 'बाल' झालं. ॲ आणि ऑ पण नाहीत, म्हणजे बॅट नाही नि चॉकलेट नाही, आणि चार वर्षांच्या माणसाला या दोन शब्दांशिवाय जगण्यात काय रस असणार. शासनाने 2009 सालच्या निर्णयात ॲ आणि ऑ स्वरांमधे घेतलेत, त्याच निर्णयात आपला पाकळीवाला ल आणि देठवाला श पण सांगितलाय. या सेटमधे ते दोन्ही हिंदी वळणाचे आहेत.

तिथेच संशय आला आणि कार्डं बघितल्यावर खात्रीच पटली. सेट सरळ हिंदीचा आहे, वरचं खोकं तेवढं मराठीत छापलंय. कार्डावर एक अक्षर आणि एक चित्र, शब्द लिहिलेला नाही. ख वर ससा (खरगोश!). त वर फुलपाखरू. इ वर चिंच. आणि सगळ्यात भारी म्हणजे ऊ वर लोकरीचा गुंडा, कारण हिंदीत लोकरीला ऊन म्हणतात. हसून हसून पुरेवाट झाली पण नंतर राग आला. मुलगी सशाचं चित्र बघून मोठ्या कॉन्फिडन्सने 'स!' म्हणाली, म्हणजे शब्द ओळखला, त्यातला पहिला आवाज सुटा काढला, या वयात ज्याची सवय व्हायला पाहिजे नेमकं तेच केलं, आणि कार्ड म्हणतंय चूक. दोन-चार वेळा असं झालं की पोर ऐकणं सोडून देतं आणि माझ्या तोंडाकडे बघून अंदाज मारायला लागतं. मी अशी नऊ कार्डं काढून कपाटावर टाकलीयेत.

वेलांटीचा घोळ मात्र सेटचा नाही, आपल्या लिपीचाच आहे. 'किती' जुळवताना ती आधी क लावते, मग पहिली वेलांटी त्याच्या उजवीकडे. बरोबरच आहे तिचं, ऐकताना क आधी आणि इ नंतरच येते, कागदावर ती पुढे जाऊन उभी राहते त्याला पोर काय करणार. मी एकदाच सरकवून दाखवलं आणि सोडून दिलं, येईल हळूहळू. परवा विचारलंन, चमच्याचा च आणि चिमणीचा च एकच कसा? वेगळे ऐकू येतात की! मी चाळीस वर्षं मराठी बोलतेय, मला कधी पडला नव्हता हा प्रश्न. जोडाक्षरांसाठी अर्धी अक्षरं दिलेली नाहीत, आणि तिच्या नावातच क्त आहे, त्यामुळे स्वतःचं नाव काही लागत नाही फ्रीजवर.

खरी मजा आणली सासूबाईंनी. त्या मेथी निवडत बसल्या की ही शेजारी, आणि त्यांच्या शब्दांच्या भेंड्या चालू. आंबा, मग ब वरून बदक, क वरून कणीस, स वरून साबण, ण आला की न चालतो असा घरचा नियम, नाक. यात अक्षर डोळ्यासमोर नसतंच, सगळा कानाचा कारभार, शब्दाचं शेपूट पकडायचं आणि त्यावरून नवीन शब्द काढायचा. महिनाभर हे चाललं आणि मग फ्रीजवरची अक्षरं ती पटापट ओळखायला लागली, आधी मी कार्डं घेऊन मागे लागत होते तेव्हा ढिम्म होती. सासूबाईंनीच बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून दुसरा ब, दुसरा म, दुसरा क आणि दोन ळ कापून दिले, मागे मॅग्नेटची पट्टी चिकटवली. 'अगं, तुला दुकानातलंच लागतं सगळं' हे ऐकून घेतलं, काय करणार. तसंही तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा आसपास मिळणाऱ्या वस्तूंमधूनच खेळ उभे केले होते. आमच्याकडे पण जमिनीवर चिंचोक्यांचा ग मांडून झालाय.

एक सीरियस गोष्ट. तीन आठवड्यांत ढ च्या मागचा मॅग्नेट सुटून आला, शेंगदाण्याएवढा. हे अजिबात हलक्यात घेऊ नका. दोन मॅग्नेट पोटात गेले तर आतड्यात एकमेकांना चिकटतात आणि ऑपरेशनची वेळ येऊ शकते. घरात रांगणारं बाळ असेल तर हा सेट घेऊच नका. मोठ्या मुलांसाठी घेतला तरी प्रत्येक अक्षर आधी स्वतः ओढून बघा. ढ सरळ फेकून दिला, सध्या ढग नाहीत आमच्याकडे.

रेटिंग 5 पैकी 2, ते पण फोमसाठी आणि त्या अर्ध्या तासासाठी. दोन सेट घेतलेत तर बाबा होईल, पण 1300 रुपये घालून सुद्धा केळं होणार नाही. घ्यायचाच असेल तर आधी विक्रेत्याला विचारून घ्या ळ आहे का. मी विचारलं होतं. लगेच रिप्लाय आला, 'येस मॅम, ऑल ए टू झेड लेटर्स अव्हेलेबल.'