ओडी क्लेम आणि बाहेरचं गॅरेज: विमा कंपन्यांची सेवा प्रत्यक्षात कशी आहे?

ओडी (ओन डॅमेज) क्लेम म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा क्लेम. गाडी ठोकल्याचं कळवलं की विमा कंपनीकडून ठरलेलं उत्तर येतं: नेटवर्क गॅरेजमध्ये न्या, कॅशलेस होईल. भरवशाच्या बाहेरच्या गॅरेजमध्ये न्यायला सर्वसाधारण पॅकेज पॉलिसीत (आपल्या गाडीचं आणि तिसऱ्याचं, दोन्ही नुकसान धरणाऱ्या) बंदी नाही, फक्त बिल आधी आपण भरायचं आणि पैसे नंतर खात्यात यायचे. आपल्याकडच्या खासगी मोटारींसाठी ही दुसरी वाट कशी चालते, त्याचा हा आढावा. क्लेम नोंदवण्याची सोय झकास आहे आणि पहिला सर्व्हे, म्हणजे नुकसानीची पाहणी, बरी होते. गाडी खोलल्यानंतर मात्र सगळं ढिलं पडतं, आणि पैसे का कापले हे समजावून सांगण्यात बहुतेक कंपन्या नापास आहेत.

नोंदणी अ‍ॅपवर दहा मिनिटांत उरकते. पॉलिसी, आरसी, चालवणाऱ्याचं लायसन्स, चारही कोपऱ्यांतून फोटो, नंबर प्लेट, चासी नंबर आणि मीटरचं रीडिंग एवढं लागतं. एफआयआर प्रत्येक वेळी मागत नाहीत. कोणी जखमी झालं, तिसऱ्याचं नुकसान झालं किंवा चोरी झाली तरच त्याचा प्रश्न येतो. ५०,००० रुपयांच्या आतला क्लेम कंपनीचा माणूस पाहू शकतो, व्हिडिओ कॉलवरूनही चालतं; त्याहून मोठ्या क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर लागतो. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत त्याचा अहवाल घ्यायचा आणि अहवाल हाती आल्यावर ७ दिवसांत निर्णय द्यायचा. पहिली मुदत सहसा पाळली जाते. म्हणून क्लेम नोंदवल्याचा मेसेज जपून ठेवा, पुढची सगळी मोजणी तिथूनच सुरू होते.

अपघात कसा झाला ते लिहिताना मार आणि मजकूर जुळला पाहिजे. समोरून धडक लिहिली आणि मागच्या दारावरचा जुना ओरखडाही त्यातच घातला, तर सर्व्हेअर तो वेगळा प्रसंग धरतो. वेगळा प्रसंग म्हणजे वेगळा क्लेम, आणि प्रत्येक क्लेमला सक्तीची वजावट (आपण सोसायची ठरलेली रक्कम) वेगळी: १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,०००.

बाहेरच्या गॅरेजात क्लेम बुडतो तो बहुतेक वेळा घाईमुळे. ‘संध्याकाळपर्यंत सरळ करून देतो’ म्हणत मिस्त्री पत्रा ठोकायला घेतो आणि सर्व्हेअरला बघायला नुकसानच उरत नाही. पॅकेज पॉलिसीच्या जुन्या ठरलेल्या मसुद्यात कंपनीला न विचारता करायच्या दुरुस्तीची मर्यादा फक्त ५०० रुपये आहे आणि गाडी ओढून नेण्याचा खर्च १,५०० रुपयांपर्यंत. आजच्या दरात एवढ्यात टोचनवाला फोनही उचलणार नाही, पण अट अटच आहे. तेव्हा मंजुरी लेखी आल्याशिवाय पान्याला हात नको.

सगळा खेळ एस्टिमेटचा आहे. ‘पुढचं काम ३०,०००’ अशी एका ओळीची चिठ्ठी दिली की सर्व्हेअर मनाने कापतो, आणि त्याला दोष देता येत नाही. प्रत्येक पार्ट वेगळा हवा, पार्ट नंबरसकट, बदलायचा की दुरुस्त करायचा ते लिहून. मजुरीत खोल-फिट, डेंटिंग आणि पेंटिंग सुटं दाखवून. खाली एक ओळ हमखास टाका: ‘गाडी खोलल्यावर वाढीव एस्टिमेट दिलं जाईल.’ समोरच्या धडकेत बंपर बाहेरून नुसता चिरलेला दिसतो. आत मात्र लोखंडी बीम वाकलेला असतो, रेडिएटर सपोर्ट सरकलेला असतो, कंडेन्सरच्या जाळीला मार असतो आणि हेडलाइटचे लग (अडकवायचे कान) तुटलेले असतात. हे बंपर उतरवल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे खोललेल्या अवस्थेत गाडी तशीच ठेवून दुसरी पाहणी मागायची. इथेच सेवा सर्वात कमकुवत आहे: नेटवर्क गॅरेजात सर्व्हेअरची ये-जा असते, बाहेरच्या गॅरेजात त्याच्या दुसऱ्या फेरीसाठी ताटकळावं लागतं. फोन करून भागत नाही. क्लेम नंबर घालून ईमेल करा आणि सुट्या पार्टचे फोटो जोडा. काढलेला एकही पार्ट भंगारात देऊ नका. काम झाल्यावर फेरतपासणीत ते मागतात, आणि न दिसलेल्या पार्टचे पैसे अडतात.

‘बदलू नका, दुरुस्त करा’ असं सर्व्हेअर म्हणाला की लगेच भांडण नको. मजुरीवर घसारा (जुनेपणापोटी होणारी कपात) नसतो, पार्टवर असतो. प्लॅस्टिक बंपरच्या मधल्या भागात चीर असेल तर वेल्डिंगची मजुरी पूर्ण मिळते, नवा बंपर घेतला तर झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नसल्यास निम्मी किंमत आपल्या खिशातून जाते. पण बंपर जिथे अडकतो ते कोपऱ्यातले लगच तुटले असतील तर तो नीट बसणार नाही, फट राहणार. दाराच्या आतली आडवी पट्टी वाकली असेल तर तिथे दुरुस्ती मान्यच करू नये. बाजूच्या धडकेत तीच माणसाला वाचवते.

आता हिशेब. रबर, प्लॅस्टिक, नायलॉन, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर घसारा ५० टक्के, फायबरग्लासवर ३०, काचेवर शून्य. धातू आणि बाकीच्या पार्टवर वयाप्रमाणे: पहिले सहा महिने काही नाही, वर्षापर्यंत ५, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि पुढे ५० टक्के. समजा साडेतीन वर्षांची, १२०० सीसीची गाडी, झिरो डेप नाही. जीएसटी बाजूला ठेवू. बंपर ६,०००, बॉनेट ९,०००, प्लॅस्टिकचा हेडलाइट ५,०००, पेंटिंग ८,०००, मजुरी ४,०००, एकूण ३२,०००. घसारा वजा जाता बंपरचे ३,०००, बॉनेटचे ६,७५०, हेडलाइटचे २,५००, पेंटिंगचे ७,००० आणि मजुरीचे ४,००० मिळून २३,२५०. त्यातून वजावट १,०००. हातात २२,२५०, खिशातून ९,७५०.

पेंटिंगचे ७,००० कसे? एकत्रित बिलात रंगाचं सामान २५ टक्के धरतात आणि घसारा फक्त त्या सामानावर ५० टक्के. म्हणजे ८,००० पैकी १,००० कापायचे. कापणी ४,००० दिसली तर पूर्ण पेंटिंगवर घसारा लावला आहे. ही चूक दाखवून दिली की दुरुस्त होते. शेजारच्या पॅनेलवर शेड मिळवण्यासाठी मारलेला रंग मात्र बरेचदा नाकारतात. मेटॅलिक रंगात ते काम टाळता येत नाही, म्हणून आधीच एस्टिमेटमध्ये घालून मंजूर करून घ्या. नट-बोल्ट, क्लिपा, कूलंट, एसी गॅस हे कंझ्युमेबल्सचं (वापरून संपणाऱ्या सामानाचं) अ‍ॅड-ऑन नसेल तर आपल्याच माथी.

दोन गोष्टी आधी तपासा. काही पॉलिसींत झिरो डेप फक्त कंपनीच्या यादीतल्या गॅरेजातच लागू होतं. ती ओळ असेल तर बाहेर जाण्यात अर्थ नाही. आणि गॅरेजवाल्याकडे जीएसटी नंबर हवा. कच्च्या बिलावर क्लेम पास होत नाही, पार्टची मूळ खरेदी बिलंही मागतात.

पाच-सहा वर्षं जुनी, वॉरंटी संपलेली गाडी आणि पत्र्याचं, रंगाचं काम असेल तर बाहेरचं चांगलं गॅरेज नक्की परवडतं. हात जुना आणि मालक समोर उभा असतो. एअरबॅग फुटल्या असतील, अ‍ॅप्रन (बॉनेटखालचा बाजूचा पत्रा) किंवा चासी वाकली असेल, काचेवरच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन लागणार असेल, तर मापाचा बेंच आणि स्कॅनर असलेल्या ठिकाणीच न्या. खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत ठरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर जात असेल तर कंपनी टोटल लॉस, म्हणजे गाडी दुरुस्तीपलीकडची, धरते, मग गॅरेज कुठलं हा प्रश्नच उरत नाही.

रक्कम पटली नाही तर सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा. कुठली ओळ का कापली ते त्यातच कळतं, आणि तक्रारही ओळीनुसार करता येते. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जायचं. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाण्यात कार्यालयं आहेत, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. सोबत मंजूर एस्टिमेट, वाढीव एस्टिमेटचा ईमेल, पक्कं बिल आणि पैसे भरल्याची पावती जोडा.