जुन्या गाडीचा क्लच, बॅटरी आणि फुगवलेलं बिल

चढावर गाडी ओढत नाही आणि सकाळी सेल्फ लागत नाही, या दोन तक्रारी घेऊन दहा-बारा वर्षांची मोटरसायकल गॅरेजमध्ये गेली की एक फेरीही न मारता उत्तर मिळतं: "क्लच प्लेटा गेल्यात, बॅटरीपण टाकून घ्या." संध्याकाळी गाडी खरोखर सुधारलेली असते, त्यामुळे शंका येत नाही. पण बिलात लावलेल्या वस्तू गाडीत गेल्या असतीलच असं नाही. क्लच कव्हरच्या आत ऑईलमध्ये असतो, बॅटरी साईड पॅनलमागे. मालक दोन्हीकडे कधी बघत नाही.

आधी क्लच. स्लिप होणं आणि न सुटणं हे दोन वेगळे दोष आहेत. खंबाटकीसारख्या चढावर ॲक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही, ही स्लिप. लिव्हर पूर्ण दाबूनही गियर खडखडत पडतो, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, म्हणजे क्लच नीट सुटत नाही. या दुसऱ्या तक्रारीसाठी प्लेटा झिजल्याचं कारण दिलं तर ते बहुधा खोटं असतं. झिजलेली प्लेट घसरते, चिकटत नाही. तिथे लिव्हरपासून क्लचकडे जाणारी वायर सैल झालेली असते, नाहीतर स्टील प्लेट वाकलेली असते.

स्लिप असली तरी पहिला संशय वायरवरच घ्यावा. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळतो. ही चाल शून्य झाली की क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो आणि घसरतो. लिव्हरजवळचा आणि इंजिनाकडचा ॲडजस्टर फिरवला की पाच मिनिटांत काम होतं. दुसरा संशय ऑईलवर. कारचं ऑईल किंवा स्कूटरसाठीचं जासो एमबी (डब्यावर छापलेला जपानी दर्जा) ऑईल ओल्या क्लचमध्ये प्लेटांची पकड घालवतं. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हवं. वायर सैल केली, योग्य ऑईल भरलं आणि बिल पूर्ण क्लच सेटचं लावलं, हा सगळ्यात सोपा हात मारण्याचा प्रकार.

पकडण्याचा उपायही सोपा आहे. गाडी देण्याआधी क्लच कव्हरच्या दोन-तीन बोल्टांवर, बोल्ट आणि कव्हर दोन्हींना धरून, नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्यावा. संध्याकाळी ठिपका अखंड असेल तर कव्हर उघडलेलंच नाही. उघडलं असेल तर नवं गॅस्केट हवंच. जुनंच गॅस्केट सिलंट फासून बसवलं की महिन्याभरात तिथून ऑईल पाझरायला लागतं.

प्लेटा खरंच गेल्या असतील तर अर्धवट काम होतं. फ्रिक्शन प्लेटा (घर्षणाचा थर असलेल्या) नव्या, पण निळ्या पडलेल्या स्टील प्लेटा आणि दबलेल्या स्प्रिंगा जुन्याच. असा क्लच थोड्याच दिवसांत पुन्हा घसरतो. नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवण्यापूर्वी काही तास ऑईलमध्ये बुडवून ठेवाव्या लागतात. त्या कोरड्याच बसवल्या तर पहिल्याच चढावर जळका वास येऊ शकतो. स्प्रिंगचे बोल्ट आडवे-तिडवे, थोडे थोडे आवळायचे असतात. एका बाजूने घट्ट केले की प्लेटा दाबून धरणारी प्रेशर प्लेट तिरकी बसते. प्लेटा ज्यांत बसतात त्या हब आणि बास्केटच्या खाचांत खोल दाते पडले असतील तर नव्या प्लेटाही अडकतात, पण ही गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही.

बॅटरीसाठी साधा मल्टिमीटर पुरे. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या वर असेल तर ठीक, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. रिकामी आणि मेलेली यात फरक आहे. आधी चार्ज करून सेल्फ मारून बघावी. व्होल्टेज १० च्या बरंच खाली कोसळलं तरच ती गेली. मग गाडी चालू करून इंजिन रेस केल्यावर टर्मिनलवर साधारण १३.५ ते १४.८ दिसायला हवं. वाढलंच नाही तर दोष आरआर युनिट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर), स्टेटर कॉइल (इंजिनातली वीज बनवणारी कॉइल) किंवा त्यांच्या जळक्या कपलरमध्ये. नवी बॅटरीही काही दिवसांत बसेल. १५ च्या वर गेलं तर आरआर बॅटरी उकळवतोय. जुन्या किकवाल्या स्प्लेंडरची इग्निशन तर बॅटरीवर चालतच नाही. तिथे "बॅटरीमुळे किक लागत नाही" म्हणणारा एकतर अडाणी, नाहीतर लबाड.

बदलताना बॅटरीवरचा एएच (अँपियर-तास, म्हणजे क्षमता) वाचावा. ९ एएचच्या जागी ५ एएचची बॅटरी थर्मोकोल कोंबून बसवतात. सेल्फ काही आठवडे लागते, मग कण्हते. नवी म्हणून दिलेल्या बॅटरीचे टर्मिनल निरखावेत: शिसं मऊ असतं, एकदा बोल्ट आवळला की ओरखडा राहतोच. ॲसिड भरायच्या बॅटरीला भरल्यावर अर्धा-एक तास थांबून, क्षमतेच्या दहाव्या भागाच्या करंटने, म्हणजे ९ एएचला ०.९ अँपियरने, कित्येक तास पहिला चार्ज द्यावा लागतो. "दहा मिनिटांत बसवतो" म्हणजे तो चार्ज गाळला आणि बॅटरीचं आयुष्य पहिल्याच दिवशी कापलं.

जुन्या बॅटरीतल्या शिशाला भंगारात पैसे मिळतात. ते बिलातून वजा करून घ्यावेत. जुन्या प्लेटा आणि स्प्रिंगा परत हव्यात हे गाडी देतानाच सांगावं, घेताना नाही. सीरियल नंबर लिहिलेलं वॉरंटी कार्ड आणि पक्कं बिल हातात असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पाठकोऱ्या कागदावरचा हिशेब मात्र तिथे फारसा उपयोगी पडत नाही.